उंबऱ्यावरचा रे

बाबांनी मला पेटी शिकवायला घेतली तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. सा वर बोट ठेवलं की ते खूश असायचे, प वर ठेवलं तरी खूश. पण रे वर बोट जरा रेंगाळलं की डोक्यात टपली बसायची. "उंबऱ्यावर कोणी बसतं का गो? ओलांड आणि पुढे हो." त्यांच्या हिशेबी सा म्हणजे घर आणि त्याच्या शेजारचा रे म्हणजे घराचा उंबरा. उंबऱ्यावर बसू नये, शिंकू नये, उभ्याने कुणाला काही देऊ नये. तसं रे वर थांबू नये. रिषभावर ऐसपैस मुक्काम ठोकणारे राग असतात हे मला पुढे रेडिओमुळे कळलं. बाबांनाही ते ठाऊक असणार, पण भजनाच्या पेटीवाल्याला असल्या चैनी परवडत नाहीत, असा त्यांचा खाक्या होता. मला पेटी काही आली नाही. मी टायपिंग शिकले, लघुलेखन शिकले, लग्न करून विरारला आले आणि वसईच्या कोर्टात स्टेनो म्हणून चिकटले. तिथेही बोटंच चालवायची असतात, पण टपल्या कोणी मारत नाही.

आई चारचौघांत कधी गायली नाही. पण बाबा संध्याकाळी ओटीवर पेटी काढून बसले की ती आत चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता सा धरायची. नुसता सा. ना शब्द, ना तान. भाकरी तव्यावर टाकताना आवाज तुटला की परत धरायची. बाबांची पेटी खालच्या अंगाने बोलायची आणि आईचा सा तिच्या वर, बायकांचा गळा जिथे असतो तिथे. मला त्यात कधी नवल वाटलं नाही. कुणाची आई काम करताना पुटपुटते, आमची सा लावते, एवढंच. बाबा तिला कधी "छान" म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. मात्र ती माहेरी गेली की ते पेटीला हात लावत नसत. विचारलं तर म्हणत, "हवा दमट आहे, पेटी धरत नाही." कोकणात हवा बाराही महिने दमटच असते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा एका पावसाळ्यात आई गेली. तापाचं निमित्त झालं. बाबांचं छातीचं दुखणं आधीपासूनचंच; डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना एकट्याला ठेवू नका. मी एकुलती एक. दिवसकार्य आटोपलं तशी मी त्यांना घेऊन विरारला आले.

आमचा फ्लॅट चंदनसारला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खिडकीतून अजून भातशेतं दिसायची आणि त्यांच्यात एकेक नव्या इमारतीची पाटी उगवत चालली होती. पाण्याचा टॅंकर आला की सगळी इमारत बादल्या घेऊन खाली धावायची. नवरा सकाळी मुंबईला जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. जागेची अडचण होतीच, पण खरी अडचण वेगळी होती. बापाने लेकीच्या घरी राहायचं तरी किती दिवस?

बाबा पाहुण्यासारखे राहायचे. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, आतल्या दिवाणावर नाही. टॉवेल आमच्या दोरीवर टाकायचे नाहीत, खिडकीच्या गजाला अडकवायचे. जावई घरी आला की उठून उभे राहायचे. तो बिचारा स्वतःच्याच घरात चोरपावलांनी शिरायला लागला. कपडे स्वतः धुवायचे, घड्या करून आपल्या बॅगेत ठेवायचे. ती चॉकलेटी बॅग दिवाणाखाली कायम भरलेली असायची, कधीही उचलून निघता येईल अशी. तिला हात लावायची मला मुभा नव्हती. झाडतानासुद्धा मी तिच्या कडेकडेने केरसुणी फिरवायचे. दर सोमवारी बाबा म्हणायचे, "या आठवड्यात निघतो," आणि दर शनिवारी पुढची तारीख पडायची. कोर्टात मी दिवसभर तारखाच टाइप करायचे, घरी आल्यावरही तेच. एकदा चिडून म्हटलं, "बाबा, तिकडे तुमच्यासाठी कोण ताट वाढून बसलंय?" म्हटलं आणि जीभ चावली. दुसऱ्या दिवशी ते भाजीबरोबर माझ्यासाठी सोनचाफ्याची फुलं घेऊन आले.

मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं. ते एकटे त्या घरात राहायला गेले तर एक दिवस शेजाऱ्यांचा फोन येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण माणसाला धरून ठेवायला काहीतरी काम लागतं, नुसती लेकीची माया पुरत नाही. आणि बाबांना ज्या एका कामाची सवय होती ते काम आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. मी एकदा विचारून पाहिलं. "हवा दमट आहे," बाबा म्हणाले.

आमच्या कोर्टात सांडोरचे एक ज्येष्ठ क्लार्क होते. सगळं कोर्ट त्यांना अंकल म्हणायचं, वकीलसुद्धा. घरी केळीच्या बागा आणि भाजीचे वाफे, ऑफिसात फायली, आणि रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन. कॉयर बसवायचं कामही त्यांच्याच गळ्यात होतं. घरच्यांशी फोनवर ते त्यांच्या बोलीत बोलायला लागले की मला निम्मं कळायचं नाही, आमच्याशी मात्र कोर्टातली मराठी. त्या दिवाळीनंतर अंकल काळजीत होते. कॉयरला कीबोर्ड वाजवणारी मुलगी लग्न होऊन आखातात गेली होती. कीबोर्ड तिचाच, तोही गेला. आणि नाताळ तोंडावर आला होता.

"मॅडम, व्हायोलिन एकटं काय करणार?" ते म्हणाले. "खाली कॉर्ड पाहिजे. जमीनच नाय तर पोरी उभ्या कुठे राहणार?"

मी सहज बोलून गेले की आमच्याकडे पेटी आहे आणि पेटीवाले रुसून बसलेत. पुढच्या रविवारी अंकल सुकेळ्यांचा पुडा घेऊन चंदनसारला हजर झाले.

कोर्टात मुरलेला माणूस. बाबांना नमस्कार केला, केळ्यांवर बोलले, पाण्याच्या टॅंकरवर बोलले आणि उठता उठता कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "पेटी जुनी दिसते. वाजत नसेल आता."

"वाजत नसेल?" बाबा खुर्चीतून उठले. "मास्तर, आपण दोघं जाऊ, ही मागे वाजत राहील."

गोधडी सुटली. भात्यातून धूळ उडाली. बाबांनी सवयीने समोरची खुंटी बाहेर ओढली. भजनाच्या पेटीला अशी खुंटी असते; ती ओढली की सा आपोआप वाजत राहतो, भाता हलतोय तोवर थांबत नाही. त्या चालू सा वर त्यांनी एक गजर वाजवला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, साखरेचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. चहात साखर घालायची राहून गेली, पण दोघांनीही तो मुकाट्याने प्यायला.

"तुम्हाला दुसरं कोणी मिळेपर्यंत," बाबा अंकलना म्हणाले. "नाताळ झाला की मी गावी जाणार आहे."

तालीम रविवारी दुपारी, चर्चच्या शेजारच्या हॉलमध्ये. आम्ही वसई रोडला उतरून वसईगावाची एसटी धरायचो आणि सांडोरच्या फाट्यापासून चालत जायचो. दोन्ही बाजूंना केळी, मधे मधे विहिरी, वाफ्यांना सोडलेलं पाणी. बाबांना ती वाट आवडली, पण तसं म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की इथे माती चांगली आहे. पेटी मी आणि ते आळीपाळीने उचलायचो, पुढे पुढे अंकल फाट्यावर स्कूटर घेऊन उभे राहायला लागले. हॉलच्या पायरीशी बाबांनी चपला काढल्या. कोणीतरी म्हणालं, "चालतील, आजोबा."

"तुम्हाला चालतील. मला चालत नाहीत."

त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली होती. ती बाजूला सारून बाबा खाली चटईवर मांडी घालून बसले. पोरी उभ्या आणि बुवा खाली, हे बरं दिसेना, म्हणून अंकलही व्हायोलिन घेऊन खाली बसले आणि त्यांच्या मागोमाग सगळं कॉयर बसलं. फादर डोकावले आणि हसून गेले.

बाबांना पहिला धक्का तिथेच बसला. पेटीने गाणं वाजवायचंच नव्हतं. शब्द पोरी म्हणणार, चाल व्हायोलिन वाजवणार. पेटीने फक्त तीन-तीन पट्ट्या एकदम दाबून धरायच्या. सा, ग, प ही एक कॉर्ड. म, ध, सा ही दुसरी. प, नी, रे ही तिसरी.

"मग मी वाजवायचं काय?" बाबांनी विचारलं.

"कॉर्ड, बुवा."

"ती वाजवली. पुढे?"

"पुढे दुसरी कॉर्ड."

परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले, "हे म्हणजे जेवणार दुसरेच आणि मी आपला पाट मांडत फिरायचं." पण पुढच्या रविवारी सकाळपासूनच इस्त्रीचा सदरा घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

नाताळच्या गीताची चाल अंकलनी स्वतः बांधली होती. ध्रुवपदाच्या शेवटी ती घरी, म्हणजे सा वर, यायच्या आधी रे वर थांबायची. नुसती टेकायची नाही, चांगली बसायची. आणि तिथे रे ची स्वतःची कॉर्ड होती: रे, म, ध. अंकल तिला डी मायनर म्हणत. "ही जागा मी मुद्दाम ठेवलीय," ते म्हणाले. "इथून पंचमावर जायचं आणि मग सा वर. सरळ घरी आलं ना, तर घरी आलो ते कळतपण नाय."

रे वर मुक्काम करणं बाबांना मुळातच पटत नव्हतं, पण मास्तर सांगतात म्हणून ते थांबले. आणि त्या जागी दर वेळी शिऱ्यात खडा लागावा तसं काहीतरी लागायला लागलं. अंकलनी आधी दुसऱ्या आवाजात गाणाऱ्या पोरींना वेगळं गाऊन दाखवायला लावलं. पोरी सुरात होत्या. मग त्यांनी व्हायोलिनची तार बदलली. खडा होता तिथेच. बाबा तर पोरींवर डोळे वटारून "बेसूर, बेसूर" करत होते. शेवटी अंकल म्हणाले, "एकदा पेटीशिवाय म्हणा." पोरी गायल्या आणि ती जागा लख्ख लागली. सगळे पेटीकडे बघत राहिले.

खुंटी होती ती. रे, म, ध यांच्यात सा नाहीच. आणि रे ला चिकटून खाली सा वाजत राहिला की दोघं एकमेकांच्या पायावर पाय देतात. अंकलनी हे अगदी अदबीने सांगितलं. बाबांनी खुंटी आत ढकलली. पुन्हा गाणं झालं आणि पुन्हा खडा लागला. आता खुंटी नव्हती, अंगठा होता. बाबांचा अंगठा आपसूक सा च्या पट्टीवर जाऊन बसत होता आणि उरलेल्या बोटांनी ते रे, म, ध धरत होते. त्यांना स्वतःला त्यात काही वावगं ऐकूच येत नव्हतं. उभ्या जन्मात त्यांनी प्रत्येक सुराखाली सा ऐकलेला. घरातल्या पंख्याचा आवाज घरच्यांना ऐकू येत नाही, तसंच ते.

"बुवा, या जागी तेवढा सा सोडा," अंकल म्हणाले.

"सा सोडू?" बाबांनी वर पाहिलं. "मग मी कुठे आहे ते मला कळणार कसं?"

पोरी हसल्या. बाबा काही विनोद करत नव्हते. त्यांनी पेटी मिटली, गोधडीत गुंडाळली आणि चपला शोधायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी दिवाणाखालची बॅग पुढे ओढली आणि परत आत ढकलली. मी पोळ्या लाटत होते. मला त्यांचा राग आला होता आणि माझाही आला होता. म्हाताऱ्या माणसाला कशाला या भानगडीत घातलं, असं वाटत होतं. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "घरी तुझी आई धरायची. बाहेर खुंटी. आता मी हात काढला तर सा धरणार कोण?"

मी लाटणं खाली ठेवलं. "तुम्ही जाणार का मग?" एवढंच विचारलं.

"नाताळपर्यंत शब्द दिलाय," बाबा म्हणाले. "तो पाळीन. मग मात्र जातो."

दुसऱ्या दिवशी कोर्टात डबा खाताना मी अंकलना सगळं सांगितलं. आई, भाकऱ्या, तिचा वरचा सा, सगळं. सांगताना वाटत होतं की हा आपल्या घरचा मामला, बाहेर कशाला काढावा. पण ज्याला सुरातलं कळतं असं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नव्हतं. अंकलनी ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि फायलींकडे गेले. मला वाटलं, विषय संपला.

त्या रविवारी तालमीला अंकल व्हायोलिन बाजूला ठेवून चटईवर बाबांच्या शेजारी जाऊन बसले. "बुवा, सा सोडू नका," ते म्हणाले. "फक्त खाली नको. वर ठेवा."

"वर म्हणजे?"

"अंगठा रे वर. मग म, ध. आणि करंगळी वरच्या सा वर. चार सुरांची कॉर्ड होते, चांगली चालते. मग पंचमाला अंगठा आहे तिथेच राहू दे. मधली बोटं प वर आणि करंगळी एक पट्टी खाली, नी वर. घरी येताना करंगळी परत वर, सा वर. बस."

बाबांनी बोटं मांडून पाहिली, काढली, पुन्हा मांडली. मग भाता ओढला.

मी दाराशी उभी होते. पेटीतून रे, म, ध निघाले आणि त्यांच्यावर तो सा. आईचा सा अगदी तिथे असायचा. त्याच उंचीवर. करंगळी खाली आली, सूर तिथून हलला आणि पुन्हा जागेवर आला. भाकरी टाकताना आईचा आवाज तुटायचा आणि परत लागायचा, तसाच. मी बाहेर येऊन केळीच्या बागेकडे तोंड करून उभी राहिले. आत बाबा तीच जागा पुन्हा वाजवत होते, पुन्हा वाजवत होते. पोरी गायच्या थांबल्या, अंकलनी व्हायोलिन पुसायला घेतलं, तरी बाबा थांबेनात. रे वर इतका वेळ बसलेले बाबा मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यांच्या डोक्यात टपली मारायला कोणी नव्हतं.

येताना एसटीत ते मांडीवर चार बोटं मांडून पाहत होते. वसई रोड आलं तेव्हा म्हणाले, "मास्तरांना तू काही बोललीस का?"

"नाही," मी म्हटलं. कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला एवढं येतंच.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिस्साला बाबा पांढरं धोतर, कोट आणि टोपी अशा थाटात आल्तारच्या, म्हणजे वेदीच्या, डाव्या बाजूला चटईवर बसले. माझा नवराही सुट्टी म्हणून आला होता. गीत सुरू झालं. ती जागा आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि जागा कधी येऊन गेली ते पुढची ओळ सुरू झाल्यावर कळलं, इतकी ती सहज लागली. मिस्सा संपल्यावर बाबांभोवती पोरींचा गराडा पडला. कोणी त्यांच्या हातात केकचा तुकडा ठेवला. बाबांनी "अंडं असेल ना?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत खाऊन टाकला.

नाताळ झाला, तरी बाबा गेले नाहीत. अंकल म्हणाले की दुसरं कोणी अजून मिळालं नाही, शोधतोय. अंकल शोधत नव्हते हे मला माहीत होतं आणि मला वाटतं बाबांनाही माहीत होतं. "शब्द दिलाय," असं ते मला ऐकवायचे. पेटी आता दिवाणावरच असायची. रोजच लागते, कोण खोक्यात घालणार, म्हणून. रिकामं खोकं कोपऱ्यात गोधडी पांघरून बसलं होतं. पण चॉकलेटी बॅग होती तिथेच होती आणि सोमवारी "या आठवड्यात निघतो" हेही चालूच होतं. त्यांच्या सदऱ्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायला लागला होता. मी मनात म्हटलं, बॅगेत गोळ्यासुद्धा टाकल्या, म्हणजे तयारी पक्की दिसते. त्या वासाने मला उगीचच रडू यायचं.

फेब्रुवारी सरता सरता गावचे पखवाजवाले काका आले. बाबांबरोबर त्यांचा हात जन्मभर चाललेला. त्यांचा मुलगा विरारलाच राहायचा, त्याच्याकडे म्हणून आले होते, पण खरे आले होते बाबांना न्यायला. शिमगा जवळ आला होता.

"बुवा, पालखी घरोघर फिरणार आणि पेटी कोण धरणार? सगळे विचारतायत," काका म्हणाले. "तुमचं घर मी झाडून घेतलंय. पाणीसुद्धा भरून ठेवायला सांगितलंय. माझ्याबरोबरच चला."

कोकणातल्या माणसाला शिमग्याचं बोलावणं आलं की त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. आपण हरलो, असं मला सरळ वाटलं. बाबा नुसते "बघू" म्हणाले. काका निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे भजन ठरलं. इमारतीतली कोकणातली माणसं जमली, काकांनी मुलाकडून पखवाज आणला, दिवाण भिंतीला सरकवून सगळे खाली बसले.

मी आत चहाचं आधण ठेवून उभी होते आणि मनातल्या मनात बांधाबांध करत होते. गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या ते काकांना समजावून सांगायचं. डॉक्टरांचे कागद वरच्या कप्प्यात ठेवायचे. शेजाऱ्यांना आपला ऑफिसचा नंबर द्यायचा. बाहेर गजर चांगलाच रंगला होता, टाळ्या धरल्या होत्या. शेवटी सगळे सा वर उतरायला आले आणि पेटी उतरलीच नाही. ती रे वर थांबली. रे, म, ध, आणि त्यांच्यावरचा तो सा. पखवाजाची थाप चुकली आणि टाळ्या विस्कटल्या.

"बुवा, पेटीत काय अडकलं?" काकांनी विचारलं.

"काही नाही अडकलं."

"मग सूर सुटला तुमचा. सा गेला कुठे?"

"वर आहे. नीट ऐक." बाबा भाता ओढतच होते. "तिकडे सांडोरला आम्ही असंच वाजवतो."

मग पेटी पंचमावर गेली आणि तिथून सावकाश घरी आली. काकांनी पखवाज बाजूला ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, "मग शिमग्याला कसं?"

"येणार तर," बाबा म्हणाले. "आपल्या दारात पालखी येईल त्या दिवशी येतो, दोन दिवस राहतो. रविवारच्या आत मात्र मला परत यायला लागेल. पोरी अडतात."

चहा उतू जाऊन गॅसवर सांडला, तो मी नंतर पुसला. स्वतःच्या गावाला दोन दिवस पाहुणे म्हणून जाऊन परत यायचं ठरवणारे बाबा मला दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते, आणि तेवढंच मला पुरेसं होतं.

सकाळी काका एकटेच निघाले. बाबा त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवरून पुढे जाऊन दिवाणावर बसले. पेटी पुढ्यात ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती बॅग सारखी पायात येते. माळ्यावर टाक."

"आणि शिमग्याला?"

"दोन दिवसांना पिशवी पुरते."

मी वाकून दोन्ही हातांनी बॅग ओढली आणि मागे कलंडलेच, कारण ती रिकामी होती. बाबांनी वर पाहिलं नाही. ते भात्याची कडी काढत होते. मी उठून कोपऱ्यात गेले आणि खोक्यावरची आईची गोधडी बाजूला केली. आत बाबांचे सदरे, धोतरं, बंड्या, सगळं घड्या करून नीट रचून ठेवलेलं होतं. कडेला डांबराच्या गोळ्या होत्या, झिजून झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या. मी गोधडी होती तशी परत घातली आणि बॅग माळ्यावर टाकली.